आजारी मुलीचं पात्र

मुलीच्या मणक्याला टीबी झालाय हे कळलं तेव्हा ती अकरावीत होती आणि मी निफाडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. अजूनही शिकवतो. राहायला आम्ही नाशिकला, इंदिरानगरात. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. ऊसतोडीच्या दिवसांत पुढं उसानं भरलेली ट्रॉली आली की गाडी तिच्या मागं रांगत राहायची आणि घरी पोचेपर्यंत अंगात काही उरायचं नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, दप्तराच्या ओझ्यानं पाठ दुखत असेल. शेक दिला, मलम लावलं. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, वजन उतरायला लागलं आणि शेवटी एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, हा आजार पूर्ण बरा होतो, पण औषधं दीड वर्षं तरी चालतील आणि पहिले काही महिने पाठीवर पडून राहावं लागेल. उठायचं ते छातीपासून कमरेपर्यंतचा पट्टा बांधून, तेही गरजेपुरतं. मुलीनं त्यांना एकच गोष्ट विचारली. पडल्या पडल्या टीव्ही बघितला तर चालेल का?

तर टीव्ही हॉलमधून तिच्या खोलीत गेला. सुताराला बोलावून तो भिंतीवर जरा वर, खाली झुकवून बसवला. बायको बँकेत नोकरीला. सकाळच्या गोळ्या, स्पंजिंग, नाश्ता तिच्याकडे. दुपारी एक बाई यायच्या. संध्याकाळ माझी. आल्यावर चहा घ्यायचा, हातपाय धुवायचे आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचं. आम्ही दोघं काय बोलणार? शाळेत काय झालं हे तिनं मला सांगायचे दिवस संपले होते आणि माझ्या शाळेत काय झालं यात तिला रस नव्हता. तिच्या मैत्रिणी सुरुवातीला आल्या, मग बारावीच्या क्लासेसमध्ये अडकल्या. काहींच्या घरी आजाराचं नाव कळलं आणि त्या यायच्या थांबल्या. आम्ही कुणाला काही समजावून सांगायला गेलो नाही. तेवढी ताकद नव्हती.

ती ॲनिमे बघायची. जपानी चित्रमालिका. मला तोवर ही सगळी लहान मुलांची कार्टून वाटत. एका संध्याकाळी ती म्हणाली, नुसतं बसलाच आहात तर बघा. बघायला लागलो. आवाज जपानी, खाली इंग्रजी ओळी. हिंदीत डब केलेली असली तरी तिला ती चालत नसे. म्हणायची, सगळ्यांचे आवाज जाहिरातीतल्यासारखे येतात. दिवसभर वह्या तपासलेले माझे डोळे. एक ओळ वाचून संपेपर्यंत दुसरी यायची आणि चित्राकडे बघायचं राहूनच जायचं. मग ती रिमोटनं थांबवायची, विचारायची, "वाचलं?" मी मान हलवली की पुढं.

मालिका संपली की तिच्यातलं चांगलं काय आणि वाईट काय हे दोघांनी सांगायचं, असा नियम तिनंच काढला. माझी चेष्टाही त्यात होती. दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहणाचा प्रश्न असतो, तो मी तिच्याकडून जन्मभर पुरेल एवढा घोटून घेतला होता. आता ती पलंगावरून छताकडे बघत म्हणायची, "हं, करा रसग्रहण."

मी करायचो. हळूहळू मलाही त्या जगाची थोडी ओळख झाली. दर तीन महिन्यांनी नव्या मालिकांचा लोंढा येतो आणि त्यातल्या निम्म्या एकाच साच्यातल्या. कुणीतरी नोकरदार किंवा एकलकोंडा पोरगा ट्रकखाली सापडून मरतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो. तिथं त्याला पहिल्याच भागात अशी काही शक्ती मिळते की पुढं अडचण म्हणून कुठली येतच नाही. मुलगी म्हणायची, परीक्षेआधीच निकाल लागलाय, आता पेपर कशाला लिहायचा? हे तिचं म्हणणं मला पटायचं. पण मी म्हणायचो, कल्पना छान आहे, रंग छान आहेत.

तलवारबाजीची एक मालिका आम्ही बघितली. पहिला भाग असा की मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. पावसाळी दलदलीत दोन माणसं लढतात, प्रत्येक पावलाला चिखल वेगळा उडतो, श्वासाची वाफ दिसते. मध्यावर आल्यावर त्याच माणसांचे चेहरे ओळखू येईनात. लढाई व्हायची तिथं स्थिर चित्र आणि त्यावर कुणीतरी बोलतंय. माझ्या वर्गात असे विद्यार्थी असतात. पहिलं उत्तर मोत्यासारख्या अक्षरात, समास सोडून, अधोरेखित करून. शेवटच्या पानावर अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. वेळ पुरला नाही हे पेपर बघूनच कळतं. मुलगी म्हणाली, तसंच असतं, चित्रकारांना झोपायलाही देत नाहीत म्हणे, एक मालिका संपायच्या आत दुसरी सुरू करायची असते. मग तिनं विचारलं, किती मार्क? मी म्हणालो, बऱ्यापैकी. तिनं पुढची मालिका लावली.

डोंगरावरच्या हवामान केंद्रात राहणाऱ्या दोन बहिणींची एक मालिका मात्र मला मनापासून आवडली. तिच्यात फारसं घडत नव्हतं. सकाळी थोरली तापमान लिहायची, धाकटी स्टोव्ह पेटवायची, बाहेर बर्फ पडायचा आणि त्या बर्फालाही आवाज दिला होता. मी थकून आलेला असायचो, त्यामुळे काही न घडणं मला बरं वाटायचं. मुलीला ती निम्म्यापर्यंत आवडली. पुढं तिचा सूर बदलला. धाकटीला लेखक विसरला, म्हणाली. थोरलीला शहराची ओढ आहे, तिचं दुःख आहे, तिचा एक मित्र आहे. धाकटी नुसता स्टोव्ह पेटवते. ती खोलीत एकटी असताना काय करते ते एकदा तरी दाखवायचं. मला हे दिसलंच नव्हतं. वर्गात पोरांना गौण पात्रांवर टिपा लिहायला लावणारा मी.

त्या महिन्यांमध्ये मी कशालाच वाईट म्हणत नव्हतो, हेही खरं. ती गोळ्या घेऊन उलट्या करायची, लघवीचा रंग केशरी झाला म्हणून घाबरायची, केस गळायचे ते उशीवरून गोळा करून बाजूला ठेवायची. त्यावर आपण येऊन हिचं आवडतं काहीतरी मोडून काढायचं, हे जमत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चांगलं म्हणायला कमी शब्द लागतात. वाईट म्हटलं की कारण द्यावं लागतं. तेवढी माझी शक्ती संध्याकाळी उरत नसे.

मग ती मालिका आली. त्या हंगामात तिचीच चर्चा होती. माझ्या नववीच्या वर्गातल्या मुलीसुद्धा तिच्याबद्दल बोलत होत्या. समुद्राकाठचं गाव, कुणाशी न बोलणारा एक मुलगा, आणि दवाखान्यातून पळून किनाऱ्यावर येणारी एक आजारी मुलगी. आजाराचं नाव शेवटपर्यंत सांगत नाहीत. ती त्याला पोहायला शिकवते, हसायला शिकवते, आणि शेवटच्या भागात खिडकीबाहेर फुलांच्या पाकळ्या उडत असताना जाते. त्यानंतर तो मुलगा पोहण्याच्या स्पर्धेत उतरतो. मालिका संपते.

मी रडलो. लपवूनही रडता आलं नाही, कारण खुर्ची तिच्या उशाशीच. माझं आटोपेपर्यंत ती थांबली. मग नेहमीसारखं म्हणाली, करा रसग्रहण. मी संगीताबद्दल बोललो, समुद्राच्या रंगांबद्दल बोललो, करुणरसाबद्दलही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिला एकदाही उलटी झाली नाही."

मी म्हणालो, सगळंच दाखवायचं नसतं, कलेत दुःख गाळून येतं. तेच मी वर्गात सांगत आलो होतो.

ती म्हणाली, गाळलं ते बरोबर तेवढंच कसं गाळलं? तिचे केस बघा, शेवटपर्यंत वाऱ्यावर उडतात. तिला पुढं काय व्हायचं होतं, कुणी विचारलं? तिच्या आईचा चेहरा तरी नीट दाखवला का? ती त्या मुलाला शहाणं करण्यासाठी आजारी पडली, त्याचं काम झालं, मेली. आणि हे बघून सगळे रडतात, तुम्हीपण.

मी म्हणालो, मालिका चांगलीच आहे, तुला आत्ता त्रास होतोय म्हणून तसं वाटतंय.

तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वर्गात तुम्ही कुणाला अर्धा मार्क फुकट देत नाही. मी आजारी पडल्यापासून तुम्हाला सगळंच चांगलं वाटतंय. ट्रकखाली मरणारेसुद्धा. म्हणजे मी काही बोलण्यासारखी राहिले नाही का?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात गोळ्यांची वाटी. ती आत आली नाही.

त्या दिवशी शाळेत माझं मुख्याध्यापकांशी वाजलं होतं, गाडीत उभ्यानं यावं लागलं होतं. कारण काही का असेना, मी बोललो. म्हणालो, ठीक आहे, खरं ऐकायचंय तर ऐक. मालिकेबद्दल तुझं निम्मं बरोबर आहे. पण गेले दोन महिने तू प्रत्येक मालिकेत एकच शोधतेस. जो कुणी धावतो, हसतो, घराबाहेर पडतो, तो तुला खोटा वाटतो. त्या हवामान केंद्रातल्या थोरलीला मित्र मिळाला तिथंच तुझा सूर बदलला. त्याला समीक्षा म्हणत नाहीत.

तिनं तोंड भिंतीकडे केलं. पट्टा नसला की कूस बदलायची तिला परवानगी नव्हती, म्हणून नुसतं तोंडच. माझ्याकडून शब्द गेले होते, ते परत येणार नव्हते. मी बाहेर येऊन बसलो. जेवताना बायकोला म्हणालो की मी फार बोललो. ती म्हणाली, बोललास ते बरं केलंस, कितीतरी दिवसांनी या घरात कुणी कुणाशी माणसासारखं भांडलं. मग तिनंच उठून मुलीला गोळ्या दिल्या.

चार-पाच दिवस टीव्ही बंद राहिला. मी खुर्चीत बसायचो, ती पुस्तक तोंडावर धरून पडायची. मग एका संध्याकाळी मी हातपाय धुवून आलो तर हवामान केंद्राची मालिका पहिल्यापासून लावलेली. तिनं ती पूर्ण परत बघितली. शेवटी म्हणाली, थोरलीचं बरोबर आहे, ती जाणारच होती. पण धाकटीबद्दलचं माझं म्हणणं मी मागं घेणार नाही. मी म्हणालो, घेऊ नकोस, ते बरोबरच आहे.

त्यानंतर आम्ही खरं बोलायला लागलो. हे सोपं झालं असं नाही. मला तर जास्तच थकायला व्हायचं. आता नीट बघावं लागायचं. एखादा भाग डुलकीत गेला की ती पकडायची आणि तो परत लावायची. एका मालिकेत स्वयंपाक फार सुंदर काढला होता, वाफाळणारा भात, कढईतलं तेल, आणि माणसं मात्र पुठ्ठ्याची. दुसरीत दर भागाची पहिली काही मिनिटं मागचंच दाखवण्यात जायची. एकीत म्हातारी माणसं होती आणि ती म्हाताऱ्यांसारखीच बोलत होती; तिला आम्ही दोघांनी चांगले मार्क दिले. तिची एक तक्रार मला अजून आठवते. म्हणायची, आताच्या मालिकांमधली माणसं मनातलं सगळं बोलून दाखवतात. भीती वाटली की म्हणतात, मला भीती वाटतेय. आपण काय करायचं मग?

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पट्टा बांधून थोडं थोडं बसायला परवानगी दिली. मग जिना. मग सोसायटीच्या फाटकापर्यंत. मेच्या शेवटी तिनं मोबाइलवर काहीतरी दाखवलं. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत ॲनिमे बघणाऱ्या मुलामुलींचा मेळावा होता. वर्षभरातल्या मालिकांवर चर्चा, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. तिला जायचं होतं आणि त्या समुद्रकाठच्या मालिकेवर बोलायचं होतं. बायको नको म्हणाली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, तासभर बसू द्या, टेकून. रविवार होता. मला त्या दिवशी फक्त झोपायचं होतं.

रिक्षावाल्याला खड्डे सांभाळून घ्यायला सांगितलं. कॅफे पहिल्या मजल्यावर निघाला. ती कठडा धरून चढली, मी मागं, पडली तर धरायला म्हणून, पण मला स्वतःलाच दम लागला होता. वर तीसेक पोरं. कुणी मालिकांमधल्या पात्रांसारखे रंगीत केसांचे टोप घातलेले, कुणी लांब कोट, कुणाच्या पाठीला पुठ्ठ्याची तलवार. पिकल्या केसांचा मी एकटा. एका मुलीनं उठून मला खुर्ची दिली आणि काकांना पंख्याखाली बसू द्या म्हणाली. मी बसलो. मुलगी भिंतीला टेकून ताठ बसली. पट्टा तिनं सैल सदऱ्याखाली झाकला होता.

आधी बरेच जण बोलले. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं एकात. कोणती लढाई भारी, कोणता शेवट फसला, कोणत्या मालिकेचा पुढचा भाग कधी येणार. मला डुलकी लागत होती. तिचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी जागा झालो. ती बसूनच बोलली. जे मला पलंगावरून सांगितलं होतं तेच, पण आता जास्त नेटकं. आजारी मुलीचं पात्र या मालिकांमध्ये कशाला असतं, ते नायकाला काय देतं आणि त्या मुलीला स्वतःला काय मिळतं. उलटीचंही बोलली. थोडे हसले. स्वतःच्या आजाराबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, ही मालिका आपल्याला रडवते आणि मोकळं करते, एवढंच तिचं काम आहे. आपण रडतो आणि घरी जातो.

मला खुर्ची देणारी ती मुलगी, निळा टोप घातलेली, कोपऱ्यातून बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, मागच्या वर्षाच्या शेवटी तिची आई गेली. आई दवाखान्यात होती तेव्हा ही मालिका सुरू होती. दर आठवड्याला एक भाग. ती बाहेरच्या बाकावर बसून बघायची. तिला त्या मालिकेचा आधार होता आणि ते खोटं होतं असं कुणी म्हटलेलं तिला चालणार नाही.

मला वाटलं, आता उठावं आणि मुलीला घेऊन जावं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. टेकून बसलेली ती पुढं झाली, आणि पुढं झाल्यामुळे पाठ दुखली असणार, कारण तिनं टेबलाची कड धरली.

"मग मला सांग," ती म्हणाली, "त्यातलं तुला काय खरं वाटलं?"

त्या मुलीनं एका भागाचं सांगितलं. त्यात त्या मुलाशिवाय कुणी भेटायला येत नाही. तो खोलीत येतो तेव्हा ती आजारी मुलगी झोपलेली असते. त्याला काय करावं कळत नाही, म्हणून तो पाण्याची रिकामी बाटली घेऊन जातो, भरून आणतो, ठेवतो आणि निघून जातो. त्या भागात संगीतही नाही. ती म्हणाली, मी आईसाठी रोज तेवढंच करत होते. बाकी काही करता येत नव्हतं.

माझ्या मुलीनं टेबलाची कड सोडली आणि ती पुन्हा भिंतीला टेकली. मला तो भाग आठवत होता, पण अंधुक. बहुतेक त्या दिवशी मी पेंगलो असेन.

"हो," ती शेवटी म्हणाली. "तो भाग बरोबर होता. मी तो विसरले होते."

एवढंच. पुढं दुसरा कुणी दुसऱ्या मालिकेबद्दल बोलायला लागला. थोड्या वेळानं मी खूण केली आणि आम्ही निघालो. जिना उतरताना ती निळ्या टोपाची मुलगी खालपर्यंत आली, पलीकडून हात धरून. टोप काढला तेव्हा खाली साधे तेल लावलेले केस होते. तिला बहुतेक सदऱ्याखालचा पट्टा हाताला लागला. तिनं काही विचारलं नाही. मुलीनंच रिक्षात बसताना सांगितलं, टीबी आहे, मणक्याचा, आता पसरत नाही. ती मुलगी बरं म्हणाली आणि फोन नंबर घेतला.

पुढचे दोन दिवस मुलीची पाठ ठणकत होती. बायको माझ्याशी फारसं बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, काही नुकसान नाही, स्नायूंना सवय नाही म्हणून दुखतंय. त्यानंतरच्या रविवारी ती मुलगी घरी आली. पंचवटीत राहायची, वडील आणि ती, दोघंच. येताना पेरू घेऊन आली होती. तिला आजाराची भीती वाटत नाही का, हे बायकोनं आडून विचारलं. ती म्हणाली, काकू, मी दवाखान्यात इतके महिने काढलेत की कशाची भीती धरायची हे आता नीट माहीत आहे. बायकोनं तिला जेवायला थांबवलं.

मग ती दर रविवारी येऊ लागली. पुढं अधूनमधून आठवड्यातही. आली की माझ्या खुर्चीत बसायची आणि मी बाहेरच्या खोलीत. त्यांचं पटायचं नाही. तिला शेवट गोड लागायचे, आमच्या मुलीला नाही. आतून आवाज यायचे, मध्येच टीव्ही थांबायचा, वाद व्हायचा, पुन्हा सुरू. मी सहामाहीचे पेपर समोर घेऊन बसायचो. पहिल्यांदा असा मोकळा बसलो तेव्हा मला वाटलं होतं की मला मोकळं वाटेल. तसं झालं नाही. इतके महिने जे कसंबसं धरून ठेवलं होतं ते सगळं एकदम अंगावर आलं. शाळेतून आलो की चहा घ्यायच्या आधीच सोफ्यावर झोप लागायची. मला ताप नव्हता, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता थकायला सवड मिळाली आहे. ते हसत म्हणाले, पण मला ते पटलं.

एकदा दोघींनी मला आत बोलावलं. कुठल्याशा नव्या मालिकेवरून वाद अडला होता आणि निवाडा हवा होता. सगळी मांडामांड करून झाल्यावर मुलगी म्हणाली, सांगा. मी म्हणालो, मी ती बघितलेली नाही. बघा मग, ती म्हणाली. मी नको म्हणालो. तिला वाईट वाटेल अशी भीती मला होती, पण ती म्हणाली, बरं, जा, झोपा तुम्ही, आणि रिमोट उचलला.

औषधं पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर बंद झाली. शेवटच्या एमआरआयमध्ये मणका भरून आला होता, थोडा बाक राहील म्हणाले. तो आहे. नीट बघितलं तर दिसतो. बारावी तिनं एक वर्ष उशिरा दिली. आता नाशिकमध्येच कॉलेजला आहे आणि आम्हाला न सांगता कॉलेजच्या अंकासाठी मालिकांवर लिहिते. ते मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं दाखवलं. मी बसमध्ये वाचलं, उसाच्या ट्रॉलीमागं गाडी थांबली असताना. वाक्यं फार लांब आहेत, एका परिच्छेदात तीन विषय आहेत आणि शेवट घाईत उरकलाय. घरी गेल्यावर तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, लांब वाक्यांचं मान्य, शेवटाचं नाही, आणि मग जेवायला बसेपर्यंत त्यावर बोलत राहिली. मला कधी एकदा आडवा होतो असं झालं होतं. पण ती बोलत होती, आणि मी ऐकत बसलो.